नैवेद्यानंतरचा पहिला शब्द

"ठेव तिथं. हात धुतलेस?"

हेमलताबाईंनी हातातला चहाचा कप चटकन टेबलावर ठेवला. ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की खोलीत त्या आणि रेश्मा अशा दोघीच आहेत आणि रेश्माचं तोंड तर मिटलेलं आहे. आवाज भिंतीतल्या स्पीकरमधून आला होता.

"दचकलात काकू?" रेश्मा हसली. "ही तुमची गोदूबाई."

ती गोदूबाई नव्हती. त्या अक्का होत्या. हेमलताबाईंच्या थोरल्या जाऊबाई, या घडीला मिरजेच्या घरात खाटेवर बसून जपाची माळ ओढत असलेल्या. सांगलीतल्या या थंडगार खोलीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांचा आवाज आजवर कुणी टेप केला नव्हता, कुणी या यंत्राला ऐकवला नव्हता. तरीही तोच खरखरीत पहिला शब्द, तेच मध्येच तोडलेलं वाक्य, प्रश्नाच्या शेवटी किंचित खाली जाणारा तोच सूर.

"हिला हा आवाज कुणी दिला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच," रेश्मा म्हणाली.

हेमलताबाई तासगावकरांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली होती. 'कुंपणाच्या आत' तिचं नाव. एकतीस वर्षांपूर्वी ती निघाली आणि तिच्यातली मोठी जाऊ गोदूबाई घराघरांत पोचली. स्नेहसंमेलनात मुली पदर खोचून तिची नक्कल करत. सासुरवाशिणी एकमेकींना विचारत, "तुमच्याकडे कोण आहे गं गोदूबाई?" ती कुणावरून घेतली हे मात्र कुणाला कळलं नाही. हेमलताबाईंनी बंदोबस्तच तसा केला होता. मिरजेचं घर उचलून त्यांनी कोकणात नेऊन ठेवलं. अक्का शेलाट्या, म्हणून गोदूबाई आडव्या अंगाची केली. अक्कांना सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, तर गोदूबाई दिवसभर मिश्री लावते असं लिहिलं. अक्का रोज सकाळी उठल्यापासून देवाचा नैवेद्य होईपर्यंत मौन पाळायच्या. ते तर त्यांनी सगळ्यात आधी काढून टाकलं, कारण त्या एका खुणेवरून सगळ्या मिरजेनं ओळखलं असतं. सगळं बदललं, फक्त बोलणं बदलता आलं नाही. बदलायला घेतलं की गोदूबाई कागदावर मरून पडायची. म्हणून ते तसंच ठेवलं. छापलेल्या शब्दाला आवाज थोडाच असतो, असं त्यांनी तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

आता तोही फुटला होता.

रेश्मा मुजावर प्रकाशकांकडे पुस्तकांना आवाज द्यायचं काम बघायची. ज्या यंत्रप्रणालीवर ती काम करायची तिचं नाव वैखरी. आपल्याकडे वाणीच्या चार पायऱ्या मानतात. अगदी आतली परा, आणि बाहेर कानांना ऐकू येते ती वैखरी. पुस्तकात मुकी पडलेली वाणी ही प्रणाली कानापर्यंत आणायची.

"सोपं आहे बघा," रेश्मानं पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. "वैखरीला आधी चाळीस हजार माणसांचं बोलणं ऐकवलं आणि तेच बोलणं अक्षर न अक्षर लिहूनही दिलं. त्यातून ती शिकली, की माणूस वाक्य कसं रचतो आणि त्याचा श्वास, त्याचा गळा कसा चालतो, याचा संबंध असतो. ज्याचा श्वास तोकडा, तो क्रियापद आधी टाकतो. ज्याला कुणी मध्येच तोडत आलंय, तो घाईनं वाक्य संपवतो. मोठ्या कुटुंबात वाढलेला माणूस आधी हाक मारतो आणि मग बोलतो. पुस्तकातले संवाद वाचून ती ही चाल ओळखते, भोवतीचं निवेदन वाचून वय, वेळ, प्रसंग बघते आणि मग आवाज घडवते."

"आणि लेखकानं माणूस मनानंच रचला असेल तर?"

"तर ठिगळं जोडल्यासारखा आवाज निघतो. दहा माणसांचं थोडं थोडं. कादंबरीतल्या तुमच्या नायिकेचा तसाच निघालाय, रागावू नका. पण गोदूबाई..." रेश्मानं एका आकड्यावर बोट ठेवलं. "शंभरात चौऱ्याण्णव. ही एकाच जित्या माणसाची चाल आहे. आजकाल अशा फार भानगडी होतात. नागपूरच्या एका घरानं तर कथेतला सावकार ऐकला आणि एकदम म्हणाले, हे आमचे आजोबा. आता कोर्टात गेलेत."

अक्कांची दृष्टी काचबिंदूनं जाऊन दोन वर्षं झाली होती. आता त्यांचं सगळं जग कानांत होतं. आणि गेले दोन महिने त्या रोज विचारत होत्या, तुझं पुस्तक बोलायला लागलं का?

"हा आवाज बदलता येईल?"

"मुखवटा चढवता येतो. लेखकाचा हक्कच आहे तो. दुसऱ्या कुणाचा तरी आवाज वरून घालायचा. शुक्रवारी येऊन ऐका आणि सही करा. सोमवारी पुस्तक सगळीकडे जाईल."

"चढव," हेमलताबाई म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा अक्का दाराच्या आवाजावरूनच म्हणाल्या, "चप्पल आज जडशी काढलीस. काय झालं?"

"काही नाही अक्का. बसला गर्दी होती."

"काय म्हणते तुझी बोलकी पोथी?"

"होतेय तयार."

"सगळ्यात आधी मला ऐकव हं. आता डोळे गेले, कान तरी आहेत तोवर ऐकते."

"डोळे होते तेव्हा का नाही वाचलंत?" हेमलताबाईंनी हसत विचारलं, पण त्यांचा स्वर कोरडा पडला.

"तू कधी वाच म्हणालीसच नाहीस." अक्कांनी माळ डोळ्यांना लावून खुंटीला चाचपून अडकवली. "ती समोरची कुसुम सांगायची, त्यातली जाऊ फार खाष्ट आहे म्हणून. मी तिला म्हटलं, बाई गं, असली जाऊ वैऱ्यालाही नको!" आणि त्या मनापासून हसल्या.

हेमलताबाई देवापाशी दिवा लावायला गेल्या. रोजच्यासारखे हात जोडले, पण रोजचे शब्द येईनात. अठ्ठेचाळीस वर्षं त्या दोघी एका स्वयंपाकघरात वावरल्या होत्या. दोघींचे यजमान गेले, हेमलताबाईंचा मुलगा शंतनू कामासाठी कॅनडात गेला, आणि मग या चार खोल्यांत दोघींना दोघीच उरल्या. अक्कांनी तो आवाज ऐकला, तर या वयात या घरातलं काय शिल्लक राहील? मुखवटा चढवला म्हणजे आपण पाप करतोय, असं त्यांना वाटेना. उलट म्हाताऱ्या जिवाला जपतोय, असंच त्यांनी देवाला सांगून पाहिलं. देवानं नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं.

शुक्रवारची सकाळ अक्कांच्या मौनाचीच होती. घरात आता शेगडी बोलायची, "दूध वर येत आहे." औषधाची डबी बोलायची, "सकाळची गोळी बाकी आहे." दाराची घंटा आलेल्याचं नाव सांगायची. एवढ्या बडबडीत अक्का तेवढ्या गप्प. फुलं हवी असली की एक टिचकी, पाणी हवं असलं की दोन. बोटांनी चाचपत त्यांनी देव पुसले, गंध लावलं, तुळशीची पानं मोजून वाहिली. अकराच्या सुमारास हेमलताबाईंनी नैवेद्याचं ताट आणून पाटावर ठेवलं. अक्कांनी पाणी फिरवलं, डोळे मिटले, उघडले.

"झाकलंस? दूध," त्या म्हणाल्या.

तोच खरखरीत पहिला शब्द. स्पीकरमधली गोदूबाईच समोर बसली होती.

"झाकलंय," हेमलताबाई म्हणाल्या. "मी सांगलीला जाऊन येते."

मुखवटा चढवलेली गोदूबाई जाडसर, घोगऱ्या, नाटकी आवाजात बोलत होती. शब्द तेच होते, पण ऐकताना कुणीतरी सोंग आणून बोलतंय असं वाटत होतं. तरी हेमलताबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सहीसाठी बोट पुढे केलं.

"काकू, थांबा. सही करायच्या आधी एक विचारायचं होतं." रेश्मा जरा संकोचली. "वैखरीनं एक खूण करून ठेवलीय. एकोणचाळीस ठिकाणी. तुम्ही लिहिलंय, 'गोदूबाई कडाडली', 'गोदूबाई खेकसली'. पण वाक्य कडाडत नाही."

"म्हणजे?"

"रागावलेला माणूस श्वास वर ओढतो. तेच तेच बोलतो, वाक्य लांबवतो, नावानं हाक मारतो. तुमच्याच पुस्तकातले सासरे बघा, रागावले की तीन ओळी थांबत नाहीत. गोदूबाई प्रत्येक प्रकरणात पहिल्यांदा बोलते तेव्हा दोन शब्द, क्रियापद आधी, हाक नाही. आणि चार-सहा वाक्यांनंतर तीच बाई छान मोठी मोठी वाक्यं बोलते. वैखरीनं हे दुसऱ्या गटाशी जुळवलंय."

"कुठल्या?"

"खूप वेळ न बोललेल्या माणसांच्या. गळ्याचं ऑपरेशन होऊन नुकती पट्टी सुटलेले, दिवसभर शेतात एकटे असलेले. गळ्यातले स्वरतंतू कोरडे पडलेले असतात. पहिला आवाज फाटका, जोर लावून येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अंगावर आली." रेश्मानं त्यांच्याकडे पाहिलं. "पण तुमच्या पुस्तकात ती गप्प कुठेच बसत नाही. म्हणून मशिनला कोडं पडलंय. मला वाटलं, तुम्हाला विचारावं."

हेमलताबाईंनी पुढे केलेलं बोट मागे घेतलं आणि मुठीत धरलं.

मौन त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं होतं. अक्का ओळखू येऊ नयेत म्हणून. आणि मौन काढल्यावर मागे जे उरलं, त्याला त्यांनी खाष्टपणा असं नाव दिलं होतं.

त्यांना तो श्रावण आठवला. शंतनू साडेतीन वर्षांचा झाला होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता. डॉक्टर म्हणाले, कानाला दोष नाही, वाट बघा, कदाचित बोलेल, कदाचित नाही. त्याच आठवड्यात अक्कांनी मौन धरलं. हेमलताबाईंच्या तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरातलं लेकरू बोलत नाही आणि या बाईला गप्प बसायचं सुचतंय! चातुर्मासाचा नेम असेल, कार्तिकात सुटेल, असं सगळ्यांना वाटलं. सुटला नाही. पुढल्या वर्षीच्या माघात शंतनू पाच वर्षांचा झाला, अंगणातल्या मांजराला "ये" म्हणाला आणि मग थांबलाच नाही. अक्का मात्र सकाळच्या गप्पच राहिल्या. कुणी विचारलं तर हसायच्या.

आणखीही एक गोष्ट आठवली. ती त्यांनी आजवर कधी आठवूनच पाहिली नव्हती. कादंबरी त्यांनी लिहिली ती पहाटे पाचपासून नऊपर्यंत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चार वर्षं. त्या वेळात केर कुणी काढला? बंब कुणी पेटवला? शंतनू झोपेतून उठून किरकिरला नाही, त्याला देवघरात मांडीवर घेऊन कोण बसलं? त्याच्या मुठीत घंटा देऊन कुणी वाजवून घेतली? टेबलाच्या कोपऱ्यावर चहाची कपबशी रोज कशी आली? कुणाच्याही तोंडून एक शब्द न निघता हे सगळं होत होतं. म्हणूनच तर लिहिणं झालं. आणि त्यांनी लिहिलं ते फक्त ऐकू आलेलं.

"मुखवटा काढ," त्या म्हणाल्या. "आणि मूळ आवाज माझ्या फोनवर दे."

"मग सही?"

"सोमवार पुढं ढकल. प्रकाशकांशी मी बोलते."

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी अक्कांच्या खाटेशी स्टूल ओढलं.

"अक्का, पुस्तक आणलंय. पण आधी मला काही सांगायचंय."

"आधी ऐकू दे. मग सांग."

हेमलताबाईंनी फोनवर बोट टेकवलं. निवेदन झालं, सासरे बोलले, नायिका बोलली. अक्का हुंकार देत होत्या. मग खोलीत अक्कांचाच आवाज उमटला. "ठेव तिथं. हात धुतलेस?"

अक्कांचा हुंकार थांबला. गोदूबाई बोलत राहिली. धाकट्या जावेच्या हातची भाजी तिनं बाजूला सारली, माहेराहून आलेलं पत्र फोडून वाचलं. प्रकरण संपेपर्यंत अक्का हलल्या नाहीत. त्यांची मिटलेली मूठ तेवढी चादरीवर होती.

"ही मी," त्या म्हणाल्या.

"हो अक्का."

खाली गल्लीत कुणीतरी सतारीच्या तारा जुळवत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"मिश्री कशाला गं लावलीस मला? शी!"

हेमलताबाईंना हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. "ओळखू नये म्हणून."

"आणि तुझं पत्र मी कधी फोडलं?"

"नाही फोडलंत. ते मी रचलं."

"हं." अक्कांनी मूठ सोडली, पुन्हा धरली. "सगळ्यांनी वाचलं हे. पोरींनी नकला केल्या. कुसुमबरोबर मीही हसले." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुला मी अशी दिसत होते होय?"

"दिसत नव्हतात, अक्का. ऐकू येत होतात. मी बघितलंच नाही." हेमलताबाईंनी त्यांच्या पायांवर हात ठेवला. "लेकरू बोलत नाही आणि तुम्ही गप्प, याचा मला राग होता. तोच लिहिला."

अक्कांनी पाय ओढून घेतले नाहीत, आणि त्यांचा हातही पुढे आला नाही. मग त्या म्हणाल्या, "हाताला शाई असायची तुझ्या. नैवेद्याच्या ताटाला लागली असती. म्हणून विचारायचे, हात धुतलेस का म्हणून."

एवढी साधी गोष्ट होती ती. हेमलताबाईंनी डोळे पुसले.

"अक्का, ते मौन तुम्ही शंतनूसाठी धरलंत का?"

"संकल्प सांगायचा नसतो," अक्का म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे हेमलताबाई टेबलाशी बसल्या. एकतीस वर्षांनी. पत्राचा प्रसंग तेवढा काढला, बाकी कादंबरीतला एक शब्दही त्यांनी खोडला नाही. गोदूबाई जे बोलली होती ते तसंच राहू दिलं. त्यांनी फक्त गाळलेल्या सकाळी लिहायला घेतल्या. कोकणातल्या त्या खोट्या घरातल्या खऱ्या सकाळी. बंब, केर, मांडीवरचं मूल, त्याच्या मुठीतली घंटा, टेबलाच्या कोपऱ्यावरची कपबशी. पानंच्या पानं झाली आणि त्यात गोदूबाईच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. अवतरणचिन्हाची जागाच आली नाही.

पहिल्या दिवशी चहा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अक्का देवापाशी बसत, नैवेद्यानंतर कामापुरतं बोलत आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडत. पाचव्या दिवशी हेमलताबाईंनी मान वर केली, तेव्हा टेबलाच्या कोपऱ्यावर कपबशी होती. अर्धा चहा बशीत सांडलेला. आंधळ्या माणसानं ओट्यापासून टेबलापर्यंत चाचपत आणलेला.

त्या दिवशीची पानं लिहून झाल्यावर त्यांनी सगळा मजकूर रेश्माकडे पाठवून दिला.

रविवारी सकाळी दहाला शंतनूचा फोन आला. अक्का फुलं निवडत होत्या. त्यांनी टिचकी वाजवून फोन मागून घेतला आणि कानाला लावला. कॅनडातला बर्फ, पोरीची शाळा, गाडीचा बिघाड, तो एकटाच बोलत सुटला होता. काकू सकाळी उत्तर देत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, त्यामुळे त्यानं तिला कधी काही विचारलंही नाही. पंधरा मिनिटं तो बोलला. अक्कांनी डोळे मिटले होते आणि निवडायची फुलं तशीच मांडीवर पडली होती. पूजेत आरती झाली की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा आत्ता झाला होता. हेमलताबाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासमोर बसलेलं होतं.

फोन ठेवल्यावर लगेच रेश्माचा निरोप वाजला. "काकू, नवी पानं वैखरीला दिली. मी आवाजाला हात लावलेला नाही, तरी बदललाय. ऐका."

हेमलताबाईंनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मान हलवली, लाव.

"ठेव तिथं. हात धुतलेस?"

शब्द तेच होते. गळा तोच, तसाच कोरडा. पण आता त्या कोरड्या शब्दाच्या मागे एक अख्खी सकाळ होती. बऱ्याच वेळानं दार उघडावं आणि बिजागरी कुरकुरावी तसा तो आवाज आला, आणि प्रश्नाच्या शेवटी जिथं सूर खाली जायचा, तिथं थोडी माया ऐकू आली. ती कदाचित आधीही तिथंच असेल.

अक्कांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यापाशी गेला. नैवेद्य व्हायचा होता. त्या काही बोलल्या नाहीत.

हेमलताबाई उठल्या. उजव्या हाताच्या बोटांना पहाटेच्या लिहिण्याची शाई लागली होती. त्यांनी नळाखाली हात नीट चोळून धुतले, पदराला पुसले आणि ताट वाढायला घेतलं.